गेलेल्या काळाचा डाव



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो किमान वेतनावर नाही तर ठेकेदारी पद्धतीवर बोलणार, असे धरूनच आपण आला असाल. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनाही तसेच वाटले होते. त्यांनी फोनवर विषय विचारला. मी म्हणालो, "सोंगांच्या खेळात माणसे गेलेल्या काळात कशी जातात, यावर बोलतो." पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "भाऊ, आवाज तुटतोय, पुन्हा सांगा." मी पुन्हा तेच सांगितले. त्यांनी विषय मान्य केला याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. हा विषय मी का घेतला, हे आपण शेवटपर्यंत बसलात तर कळेल.

प्रथम माझा अधिकार किती, ते सांगून टाकतो. नववीतून शाळा सुटली. मोंढ्यात पोती वाहिली, पुढे संघटनेच्या कामात पडलो. जे काही वाचले ते दिवसाचे काम संपल्यावर, वाचनालयाचा शिपाई दिवे मालवायला येईपर्यंत बसून वाचले. तेव्हा पदार्थविज्ञानाबद्दल मी जे बोलेन ते उसने आहे, खेळाबद्दल बोलेन ते खेळून पाहिलेले आहे, आणि भट्टीबद्दल बोलेन ते भोगलेले आहे.

काळ हा विषय आम्हा कामगारांना परका नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आठवड्याचा एक दिवस मालकाच्या मुठीतून सुटून कामगाराच्या हाती आला. काळ कुणाचा, हा प्रश्न आमची चळवळ तेव्हापासून विचारीत आली आहे. आज मला त्याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहायची आहे : होऊन गेलेला काळ कुणाचा?

आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी भातुकली मांडली आहे, किंवा बहिणीने मांडलेली मोडली आहे. त्या खेळातली एक गोष्ट आठवून पाहा. चुरमुऱ्यांचा भात होतो, जेवणे होतात, आणि आई झालेली सहा वर्षांची मुलगी फर्मावते, "झोपा आता, रात्र झाली." सगळे डोळे मिटतात. दोन श्वास जात नाहीत तोच ती म्हणते, "उठा, उजाडलं." रात्र सरली! कुणाला नवल वाटत नाही. पण तीच मुलगी "आता कालचा दिवस" असे म्हणाली, की भांडण उभे राहते. "काल तर बाहुलीचं लग्न झालं होतं. मग आता बाहुली सासरी की माहेरी?" पुढे जायला सर्वांची संमती असते; मागे जायचे म्हटले की नियम लागतात.

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ बाजारात आला. मोठ्या माणसांची नियमबद्ध भातुकलीच ती. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. कुणी लढवय्याचे सोंग घेतो, कुणी चोराचे, कुणी मांत्रिकाचे. एकजण सूत्रधार होतो. तो सांगतो, "समोर नदीला पूर आहे, काय करता?" ज्याने त्याने आपण काय करतो ते तोंडाने सांगायचे, आणि जमले की फसले याचा निकाल वीस बाजूंच्या फाशाने लावायचा. सोंगे आपल्याकडेही आहेत. लळितात आहेत, रामलीलेत आहेत. परंतु रामलीलेत रावण झालेल्याला दहाव्या दिवशी मरावेच लागते. या खेळात रावणाला सीता परत पाठवण्याची मोकळीक असते. पुढे काय होणार हे कुणीच लिहून ठेवलेले नसते.

अशा खेळात काळामागे जाण्याची कल्पना शिरली तेव्हा मोठीच पंचाईत झाली. कारण मागचे तर लिहून ठेवलेले असते! १९८४ साली 'टाइममास्टर', १९९९ साली 'कंटिन्यूअम' असे कालप्रवासाचेच खेळ निघाले, आणि प्रत्येकाने या पंचाइतीतून वेगळी वाट काढली.

माझा पुतण्या छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंग शिकतो. सुट्टीत त्याने हे खूळ घरी आणले. गच्चीवर पोरांचा अड्डा जमू लागला. मी त्यांना रिकामटेकडे ठरवून मोकळा झालो होतो. एका रात्री आवाज कमी करा म्हणून सांगायला वर गेलो, आणि पहाटे तीन वाजता खाली उतरलो.

त्या रात्रीचा डाव आपल्याच जिल्ह्यातला होता. १७६० सालच्या आरंभी उदगीरला निजामाचा पराभव करून पेशव्यांची फौज परतूरला आली. जुन्या कागदांत त्याला पाटदूर म्हणतात. तेथून मार्च महिन्यात सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले. हजार किलोमीटरहून अधिक वाट तुडवून ती फौज पानिपतावर पोचली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी काय झाले हे मराठी माणसाला सांगायला नको. पोरांनी मांडले होते ते असे : आजचे चौघेजण परतूरच्या छावणीत येऊन पडले आहेत. कूच व्हायला एक रात्र उरली आहे. एकाच्या खिशात कागद आहे, "यात्रेकरू आणि बायकापोरे बरोबर नेऊ नयेत. कुंजपुरा जिंकल्यावर यमुनेचे उतार राखावेत. अब्दाली बागपतापाशी नदी ओलांडील." हा कागद भाऊसाहेबांच्या हाती पडला तर?

पुतण्या सूत्रधार होता. तो म्हणाला, "आधी काळ कसला घ्यायचा ते ठरवा." आणि त्याने चार प्रकार सांगितले. नावे मी माझ्या सोयीने ठेवली आहेत.

पहिला प्रकार लेण्यातल्या काळाचा. वेरूळचा खडक कोरला तो कोरला. त्यात आता फेरफार नाही. तुम्ही मागे गेलात तर तुमचे ते जाणेही त्या कोरीव कामात आधीपासून आहेच. इगोर नोव्हिकोव या रशियन शास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात या विचाराला भौतिकशास्त्रात रूप दिले. मागे जाता आले असे क्षणभर धरले, तरी घडून गेलेल्याशी विसंगत असे काही तुमच्या हातून घडणार नाही, असे त्याचे तात्पर्य. मग आपला कागद? तो भाऊसाहेबांच्या हाती पडतो, त्यांना तो शत्रूचा डाव वाटतो, आणि ते तो फाडून टाकतात. इतिहास जागच्या जागी.

मी विचारले, "असे असेल तर फासा टाकायचाच कशाला?" पुतण्याने दिलेले उत्तर मी विसरणार नाही. तो म्हणाला, "काका, भाऊसाहेबांचं काय झालं याची चर्चा अजून चालते. पण धान्याचे बैल हाकणारा बंजारा, तोफ ओढणारा गडी, घोड्याला चंदी चारणारा मोतद्दार, यांचं काय झालं कुठं लिहिलंय? त्यातले शंभर जण तुम्ही वाचवा. इतिहासाचं एक अक्षर हलणार नाही." उभा जन्म मी सभांतून सांगत आलो की इतिहासात कष्टकऱ्याचे नाव नाही. त्या कोऱ्या जागेत कुणाला वाचवायला वाव असेल, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. अर्थात हे खेळापुरते. तेवढ्याने ती उपेक्षा गोड होत नाही.

दुसरा प्रकार पाटीवरच्या काळाचा. पुसा आणि नवे लिहा. कागद भाऊसाहेबांना पटतो, पानिपत टळते, आनंदीआनंद! पण जरा थांबा. पानिपत झालेच नाही तर त्याची हळहळ कुणाला? हळहळ नाही तर तो कागद कोण लिहिणार? आणि कागदच नाही तर पानिपत टळले कसे? बाहुली सासरी की माहेरी, हाच तो घोळ. इंग्रजीत हे कोडे नातवाने आजोबांना मारण्याच्या उदाहरणाने सांगतात. खेळणाऱ्यांची अडचण आणखी निराळी आहे. हरले की पाटी पुसायची, पुन्हा हरले की पुन्हा पुसायची. आपल्या पोरांकडे यासाठी नेमका शब्द आहे, रडीचा डाव. स्टीफन हॉकिंग यांनी २८ जून २००९ रोजी भविष्यातल्या प्रवाशांसाठी मेजवानी मांडली, आणि तिचे निमंत्रण मेजवानी उरकल्यानंतर जाहीर केले. कुणीही आले नाही. पाटी पुसण्याची आशा धरणाऱ्यांनी ते रिकामे टेबल लक्षात ठेवावे.

तिसरा प्रकार फाट्यांच्या काळाचा. वाटूर फाट्याला एक रस्ता परतूरकडे जातो, एक मंठ्याकडे. तुम्ही एकाच रस्त्याने जाता म्हणून दुसरा काही नाहीसा होत नाही. १९५७ साली ह्यू एव्हरेट या अमेरिकन शास्त्रज्ञाने अणूंच्या जगाविषयी जो विचार मांडला त्याचा लोक असा अर्थ करतात, की जे जे घडू शकते ते ते घडतेच, फक्त निरनिराळ्या जगांत. या कल्पनेला मराठीत सुंदर रूप दिले ते जयंत नारळीकरांनी, 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत. तिथे विश्वासरावांना गोळी चाटून जाते, मराठे जिंकतात, आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या दुसऱ्या फाट्यावरच्या मुंबईत जाऊन पोचतात. त्या जगात सभेला अध्यक्षच नसतो. पंत रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसतात आणि श्रोते त्यांना उठवतात. आज आपली खुर्ची रिकामी नाही, म्हणून मी निर्धास्त आहे.

फाट्यांच्या काळात कोडे उरत नाही. आपला कागद दुसऱ्या फाट्यावरचे पानिपत टाळतो, या फाट्यावरचे तसेच राहते. हिशोब चोख जमतो. माझे समाधान मात्र होत नाही. जिचा नवरा पानिपतावरून परत आला नाही, तिला दुसऱ्या कुठल्याशा फाट्यावर तो घरी आला, हे सांगून काय उपयोग?

चौथा प्रकार मी उचलीचा काळ म्हणतो. 'कंटिन्यूअम' या खेळात तो आहे. समजा, तुमचे सोंग तळघरात कोंडले गेले आहे. इतक्यात तुमचेच दहा वर्षांनी थोरले रूप येते, झरोक्यातून किल्ली टाकते आणि निघून जाते. सुटलात! पण आता तुमच्या नावावर देणे चढले. पुढे केव्हातरी तुम्हाला त्या झरोक्यापाशी येऊन ती किल्ली टाकावीच लागेल. प्रत्येक खेळाडू आपले असे देणे वहीत मांडून ठेवतो. ते चुकवले तर सोंगाचे तुकडे पडत जातात. पोरांना हे मोठे अद्भुत वाटले. मी म्हणालो, "अरे, ही तर उचल! अंबड-घनसावंगीकडचा माणूस दिवाळीआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि पुढे ऊस तोडून ती फेडतो. पैसा आधी, घाम नंतर." आमच्या उचलीत अन्याय आहे, खेळातल्या उचलीत न्याय आहे, एवढाच फरक.

असे हे चार काळ. यांत एक प्रश्न अजून राहिला, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे. मागे जाताना आजचे ज्ञान बरोबर न्यायचे, की दाराशी ठेवून जायचे? या प्रश्नाचे उत्तर मला गच्चीवर सापडले नाही. ते जिथे सापडले, त्या जागी आता मी आपल्याला नेतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या भागातला एक पोलाद कारखाना. नाव घेत नाही. आज मी कुणावर फिर्याद करायला उभा नाही. एका शनिवारी संध्याकाळी भट्टीवरचे तिघे माझ्याकडे आले. वितळलेले लोखंड ज्या लॅडलमधून नेतात, ते उचलणाऱ्या क्रेनचा हुक कुरकुरतो, असे त्यांचे म्हणणे. मी विचारले, "लेखी दिलंय का?" दिले नव्हते. सोमवारी व्यवस्थापनाशी बैठक ठरलेलीच होती. मी म्हणालो, "सोमवारी पहिला विषय हाच घेतो. तोवर जपून काम करा." रविवारी रात्रपाळीला हुक तुटला. त्या तिघांतला सगळ्यात धाकटा भाजला आणि चौथ्या दिवशी गेला. चौकशी झाली, भरपाई मिळाली, कागद पुरे झाले. मी मात्र त्यानंतर रोज रात्री त्या शनिवारी जात असे आणि रोज सकाळी हात हलवीत परत येत असे. या सभेतही अशी माणसे असतील, ज्यांचा एखादा शनिवार मागे राहिलेला आहे.

आमच्या अभ्यासवर्गात वाटाघाटींचा सराव असतो. अर्धे कामगार मालक होतात, अर्धे संघटना. तोही सोंगांचाच खेळ म्हणा. दोन वर्षांपूर्वी मी पुतण्याला वर्गात सूत्रधार म्हणून नेले. कुठला प्रसंग मांडायचा, असे त्याने विचारले. मी म्हणालो, "तो शनिवार." वर्ग गप्प झाला, पुष्कळांना तो ठाऊक होता. सोंगांच्या चिठ्ठ्या केल्या. तक्रार आणणारे तिघे, सुपरवायझर, मॅनेजर आणि मी. एकेक चिठ्ठी उचलली गेली. त्या पोराच्या नावाची चिठ्ठी कुणी उचलली नाही. ती तशीच टेबलावर राहिली.

पहिल्या डावात मी माझे सोंग घेतले, आणि सोमवारचे ज्ञान खिशात घालून शनिवारी गेलो. दोन मिनिटांत काम बंद, माणसे गेटबाहेर. वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला सोसल्या नाहीत. मॅनेजर झालेल्या पोराने बिनतोड प्रश्न टाकला, "हुक तुटणार हे तुम्हाला कळलं कसं?" मला काय उत्तर होते? सोमवारचे वर्तमानपत्र वाचून शनिवारी शहाणे होणे, यालाच मघाशी मी रडीचा डाव म्हणालो.

दुसऱ्या डावात पुतण्याने नियम घातला. ज्ञान दाराशी ठेवायचे. शनिवारी जेवढे ठाऊक होते तेवढेच घेऊन बसायचे. माझे सोंग एका हमालाच्या चोवीस वर्षांच्या मुलाने घेतले. मी कोपऱ्यात बसलो. खरे सांगतो, त्याने माझ्यासारखेच वागावे अशी माझी इच्छा होती. म्हणजे सिद्ध झाले असते की सारे लेण्यात कोरलेले होते आणि कुणीही माझ्या जागी असता तरी हेच झाले असते. त्याने पहिला प्रश्न विचारला, "लेखी दिलंय का?" मला हायसे वाटले. मग तो म्हणाला, "बरं, हुक शेवटचा तपासला कधी? त्याची वही कुणाकडं असते?"

तिघे एकमेकांकडे पाहू लागले. पुतण्या माझ्याकडे वळला. "काका, वही होती का?"

होती. जड ओझे उचलणाऱ्या यंत्राची वर्षातून निदान एकदा जाणकाराकडून तपासणी व्हावी आणि तिची नोंद राहावी, असे त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचे बंधन होते. ते कलम मी स्वतः वर्गात शिकवीत असे. चौकशीच्या वेळी ती वही बाहेर आली. तपासणीचा रकाना वर्षाहून अधिक काळ कोरा होता. शनिवारी संध्याकाळी ती वही एका टेबलाच्या खणात पडून होती, माझ्या कचेरीपासून मोटारसायकलने वीस मिनिटांवर. तो कोरा रकाना हाती असता तर रविवारची पाळी थांबवायला भविष्य जाणणाऱ्याची गरज नव्हती.

म्हणजे इतकी वर्षे मी स्वतःला चुकीच्या गुन्ह्याची शिक्षा देत होतो. उद्याचे कळले नाही म्हणून मी तळमळत होतो. उद्याचे कुणालाच कळत नाही. त्या शनिवारी विचारता येण्यासारखा प्रश्न मी विचारला नाही, हा माझा दोष. तो पहिल्यापेक्षा जड आहे. पण त्याच्यावर काम करता येते.

याच आपल्या जिल्ह्यात जांब गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. बोहल्यावर भटजींनी 'सावधान' म्हटले आणि बारा वर्षांचा नारायण मंडपातून निघून गेला, ही आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या मुलाकडे भविष्याचा कागद नव्हता. तो शब्द प्रत्येक लग्नात, प्रत्येकाच्या कानावर पडतो. त्याने तो ऐकला, एवढेच.

आता चार काळांचा माझ्यापुरता निवाडा सांगून संपवतो. तो पोरगा परत येणार नाही. तेवढ्यापुरता काळ लेण्यातला आहे. पाटी पुसण्याचा नाद मी सोडला. दुसऱ्या फाट्यावर तो जिवंत असेल, असे त्याच्या आईला सांगण्याची माझी छाती नाही. उरला उचलीचा काळ. वर्गातल्या त्या मुलाने माझ्या तोंडी जो प्रश्न घातला, तो मी घेतलेली उचल आहे, आणि ती मला फेडायची आहे. यंत्राबद्दल कुरकुर आली की आमच्या समितीचा माणूस आता सोमवारची वाट पाहत नाही. त्याच दिवशी, त्याच पाळीत, वही दाखवा म्हणतो. दोन वर्षांत अशा दोन क्रेन थांबवल्या. त्यांचे हुक तुटले असते की नाही, हे मी सांगू शकणार नाही. जे घडलेच नाही त्याची नोंद कुठल्या अहवालात करायची?

ती चिठ्ठी माझ्याजवळ आहे. अभ्यासवर्गात डाव मांडतो तेव्हा ती टेबलावर ठेवतो. अजून तरी कुणी उचललेली नाही.